लस टोचली म्हणून कोंबडी मेली? मानमोडीच्या विषाणूतली सहा अक्षरं

उन्हाळा लागला की आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मतलब एकच: कोंबड्यांना दवाखान्यातली लस टोचू नका, टोचल्यावर उलट जास्त मरतात. खाली कुणीतरी हमखास लिहितं, "बरोबर आहे भाऊ, आमच्या पण मेल्या." आणि मग दोन-चार अंगठे.

असे मेसेज सरळ "फेक" म्हणून उडवून लावायची आपल्याला सवय झालीय. हा मेसेज मात्र पूर्ण फेक नाही. त्यात एक खरी गोष्ट आहे, फक्त ती अर्धीच सांगितलेली आहे. उरलेली अर्धी गोष्ट विषाणूच्या कोडमध्ये लिहिलेली आहे आणि ती तुम्ही तुमच्या मोबाईलवर स्वतः वाचू शकता. मी पशुवैद्य नाही. पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. पण मेहकर तालुक्यातल्या माझ्या मावशीकडे वीस-बावीस गावरान कोंबड्या असतात, आणि आखाडाच्या तोंडावर एकेका कोंबड्याचे पाचशे-सहाशे रुपये येतात, तेव्हा हा मेसेज तिच्यासाठी नुसती करमणूक नसते. वर्षभराचं मीठ-मिरची, पोरांच्या वह्या त्यातनं निघतात.

आधी रोगाची ओळख

आपल्याकडे या रोगाला मानमोडी म्हणतात. गावात नुसतं "मर आली" एवढं बोललं तरी सगळ्यांना कळतं. कोंबडी सुस्त होते, पंख गळतात, चोच उघडी ठेवून श्वास घेते, हिरवट-पांढरी हगवण लागते. जी त्यातून दोन-चार दिवस तग धरते तिची मान वाकडी होते, डोकं पाठीवर किंवा एका बाजूला पिळल्यासारखं वळतं. म्हणून मानमोडी. गावरान कोंबड्यांना लस नसेल तर दहातल्या आठ-नऊ जाणं यात नवल नाही. संध्याकाळी डालं भरलेलं असतं आणि परवाच्या सकाळी रिकामं.

पुस्तकात हाच रोग राणीखेत म्हणून येतो. नावामागची गोष्ट अशी: १९२६ साली हा रोग जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहराजवळ नोंदला गेला, म्हणून जगभर त्याला न्यूकॅसल डिसीज म्हणतात. त्यानंतर थोड्याच काळात आपल्याकडे कुमाऊंच्या डोंगरातल्या राणीखेतला तो सापडला आणि भारतात तेच नाव चिकटलं. राणीखेतची काही चूक नाही, पण आता तिथल्या लोकांना आयुष्यभर हे ऐकावं लागणार.

या रोगावर औषध नाही. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, मेडिकलमधून आणलेली पिवळी पावडर पाण्यात टाकून मानमोडी थांबत नाही. जे काय करायचं ते रोग यायच्या आधी, म्हणजे लस.

पंधरा केबीची फाईल

या विषाणूचा सगळा कोड म्हणजे आरएनएचा एकच धागा. त्यात चार प्रकारची अक्षरं असतात: ए, सी, जी आणि यू. लासोटा नावाच्या प्रकारात, जो लस म्हणून वापरतात, अशी एकूण १५,१८६ अक्षरं आहेत. साध्या टेक्स्ट फाईलमध्ये साठवली तर पंधरा केबी. सकाळी काकांकडून येणारा गुलाबाच्या फुलाचा "शुभ प्रभात" फोटो यापेक्षा कितीतरी जड असतो. एवढ्याशा फाईलमध्ये फक्त सहा जनुकं बसतात आणि तेवढ्यावर हा विषाणू अख्खं खुराडं रिकामं करतो. प्रोग्रामर म्हणून मला याचा थोडा हेवा वाटतो, हे कबूल करतो. आमचं साधं लॉगिनचं पानही कित्येक एमबीचं असतं.

जाता जाता एक गंमत. १५,१८६ ला सहाने भागून बघा. बरोबर २,५३१. या विषाणूचे काही प्रकार थोडे लांब असतात, १५,१९२ किंवा १५,१९८ अक्षरांचे. त्यांनाही सहाने पूर्ण भाग जातो. कारण विषाणूचं एक प्रथिन या धाग्यावर कव्हरसारखं चढतं आणि त्याचा प्रत्येक तुकडा बरोबर सहा अक्षरं झाकतो. लांबी सहाच्या पटीत नसेल तर कॉपी नीट निघतच नाही. आधार क्रमांकाचा शेवटचा आकडा जसा आधीचे आकडे बरोबर आहेत का हे तपासायला असतो, तसाच हा निसर्गाचा चेकसम.

हे सगळं जगासमोर उघडं पडलेलं आहे. अमेरिकेच्या एनसीबीआय या संस्थेची जेनबँक नावाची वेबसाईट आहे, फुकट आहे, लॉगिन लागत नाही. फोनच्या ब्राउझरमध्ये उघडा, इंग्रजीत न्यूकॅसल डिसीज व्हायरस लासोटा फ्यूजन प्रोटीन असं शोधा, प्रोटीन हा विभाग निवडा आणि फास्टा या नावाच्या पर्यायावर टिचकी मारा. ५५३ अक्षरांचा एक ठोकळा दिसेल. ही अक्षरं मघाची चार नाहीत, ही अमिनो आम्लांची अक्षरं आहेत. आरएनएची तीन अक्षरं मिळून एक अमिनो आम्ल ठरतं आणि अशा वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ म्हणजे प्रथिन. आता ब्राउझरच्या तीन टिंबांमध्ये जाऊन "पानात शोधा" घ्या आणि इंग्रजी कॅपिटलमध्ये जी-आर-क्यू-जी-आर-एल टाईप करा. दुसऱ्या ओळीत सापडेल. माळेतले ११२ ते ११७ क्रमांकाचे मणी. कोंबडी जगणार की मरणार याचा मोठा भाग इथे ठरतो.

ओटीपी ओळखणारी कात्री

ज्या प्रथिनाचा हा ठोकळा आहे त्याचं काम एकच. विषाणूचं आवरण कोंबडीच्या पेशीच्या पडद्याला चिकटवून एक करणं, म्हणजे आतला कोड पेशीत घुसू शकेल. त्याला फ्यूजन प्रथिन किंवा नुसतं एफ म्हणतात. पण हे प्रथिन तयार होतं तेव्हा लॉक असतं. ते ११६ आणि ११७ या दोन मण्यांच्या मधोमध कापलं गेलं तरच चालू होतं. आणि कापायची कात्री विषाणूकडे नसते. ती कोंबडीच्याच शरीरात असते. घरमालकाच्याच चावीने घर उघडणारा चोर म्हणा ना.

कोंबडीच्या शरीरात कात्र्या, म्हणजे प्रथिनं कापणारी एन्झाइम्स, दोन तऱ्हेची आहेत असं समजा. पहिली ट्रिप्सिनसारखी. ती फक्त श्वासनलिका आणि आतड्यांच्या भागात सापडते. दुसरीचं नाव फ्युरिन. ही जवळजवळ प्रत्येक पेशीत असते: मेंदूत, काळजात, प्लीहेत, रक्तवाहिन्यांत, सगळीकडे.

ट्रिप्सिनसारखी कात्री फारशी चिकित्सक नाही, एक आर दिसला तरी ती कापते. फ्युरिन मात्र ठराविक पॅटर्न दिसल्याशिवाय कापत नाही. तुमच्या फोनवर बँकेचा मेसेज आला की ॲप त्यातले सहा आकडे आपोआप उचलून ओटीपीच्या रकान्यात भरतं. मेसेजमध्ये रक्कम असते, तारीख असते, तरी ते नेमका ओटीपीच उचलतं, कारण त्याला पॅटर्न दिलेला असतो. आम्ही त्याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतो. फ्युरिनचा पॅटर्न असा: आधी आर, मग काहीही, मग के किंवा आर, मग पुन्हा आर.

आता लासोटाची सहा अक्षरं बघा: जी-आर-क्यू-जी-आर-एल. यात आर आहे, क्यू आहे (काहीही चालतं), पुढे के किंवा आर हवा होता तिथे जी आहे. पॅटर्न जुळला नाही. फ्युरिन पुढे निघून जाते. म्हणजे लासोटाचा विषाणू फक्त श्वासनलिका आणि आतड्यांतच उघडू शकतो. कोंबडीला जरा शिंका येतात, शरीराला विषाणूची ओळख पटते, प्रतिकारशक्ती तयार होते, विषय संपला. म्हणूनच तो लस म्हणून चालतो.

मानमोडीच्या जंगली विषाणूत त्याच जागी बहुतेक वेळा असं काहीतरी असतं: आर-आर-क्यू-आर-आर-एफ. किंवा मधल्या आरच्या जागी के. आता पॅटर्न लावा. आर, क्यू, आर, आर. जुळला! फ्युरिन जिथे जिथे आहे तिथे तिथे हा विषाणू उघडतो, म्हणजे अख्ख्या शरीरात. मेंदूत पोचला की मान मोडते.

जगातली प्राणी आरोग्य संघटना "घातक" विषाणूची व्याख्या करताना हेच बघते: ११३ ते ११६ या चार जागांत निदान तीन ठिकाणी आर किंवा के, आणि ११७ वर एफ. प्रयोगशाळेत कोंबडीच्या घशातला नमुना गेला की पीसीआर करून कोडचा नेमका हा तुकडा वाचतात.

दोन अक्षरांचं अंतर

लासोटा आणि जंगली विषाणू यांच्यात सहापैकी तीन मणी वेगळे आहेत. मग साधा विषाणू आपोआप घातक होऊ शकतो का? हा प्रश्न मला पहिल्यांदा सुचला तेव्हा वाटलं की असं काही झालं नसेल. झालंय.

ऑस्ट्रेलियात कितीतरी वर्षं या विषाणूचे निरुपद्रवी प्रकार कोंबड्यांमध्ये फिरत होते. कुणाला त्रास नव्हता. १९९८ साली सिडनीच्या आसपास अचानक घातक मानमोडी सुरू झाली, १९९९ मध्ये मॅन्ग्रोव्ह माउंटन भागात मोठा उद्रेक झाला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. सगळ्यांना वाटलं की बाहेरून विषाणू आला. कोड वाचल्यावर कळलं की तो घरचाच होता. पीट्स रिज नावाच्या स्थानिक साध्या प्रकारात ही अक्षरं होती आर-आर-क्यू-जी-आर-एल. नव्या घातक विषाणूत आर-आर-क्यू-आर-आर-एफ. सहापैकी फक्त दोन मणी बदललेले.

आणि एक मणी बदलायला आरएनएचं एकच अक्षर पुरतं. जीजीजी म्हणजे जी हे अमिनो आम्ल, पहिलं अक्षर बदलून एजीजी झालं की ते आर. सीयूयू म्हणजे एल, यूयूयू झालं की एफ. पंधरा हजार अक्षरांत दोन टायपिंगच्या चुका. बहुतेक आरएनए विषाणू कॉपी काढताना तपासणी करत नाहीत, ऑटोकरेक्ट नाही, त्यामुळे दर दहा हजार ते लाख अक्षरांमागे एखादी चूक होतच राहते. बहुतेक चुकांनी विषाणूचंच नुकसान होतं. पण जिथे हजारो कोंबड्यांत तो महिनोन्‌महिने फिरतो तिथे एखादी चूक त्याला लॉटरीसारखी लागू शकते.

मग त्या मेसेजचं काय?

इथे गोष्ट वळण घेते.

आपल्या दवाखान्यात मानमोडीसाठी मुख्यतः दोन लशी असतात. एक लासोटा (किंवा तिच्यासारखीच दुसरी सौम्य लस), पिल्लांच्या डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकायची. दुसरी आर-टू-बी, मोठ्या कोंबड्यांना कातडीखाली टोचायची. लासोटा मूळची अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधल्या एका फार्मवरची, त्या फार्मच्या मालकाच्या आडनावावरूनच ते नाव पडलं. आर-टू-बी आपली. ती १९४० च्या दशकात मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत तयार झाली, राणीखेतपासून फार लांब नाही. शास्त्रज्ञांनी विषाणू कोंबडीच्या अंड्यांमध्ये पुन्हा पुन्हा वाढवत त्याची नखं बोथट केली. दोन्ही लशी जिवंत विषाणूच्या आहेत.

आता आर-टू-बीची सहा अक्षरं जेनबँकेत शोधा. आर-आर-क्यू-आर-आर-एफ.

हो, तीच. जंगली विषाणूची. फ्युरिनचा पॅटर्न जुळतो, जागतिक व्याख्येत हा विषाणू घातक गटात बसतो, आणि आपण तो लस म्हणून टोचतो!

घाबरू नका, पुढे वाचा. सहा अक्षरं महत्त्वाची आहेत, पण सगळी गोष्ट तेवढ्यात नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९९ मध्ये एक देखणा प्रयोग छापला. त्यांनी लासोटाचा सगळा कोड प्रयोगशाळेत डीएनएच्या रूपात उतरवून त्यापासून जिवंत विषाणू तयार केला, आणि मग फक्त ही सहा अक्षरं बदलून घातक विषाणूची टाकली. बाकी पंधरा हजार तशीच. मग दोघांची परीक्षा घेतली. विषाणू किती घातक आहे हे मोजायची एक जुनी पद्धत आहे: एक दिवसाच्या पिल्लांच्या मेंदूत तो टोचायचा आणि आठ दिवस रोज गुण द्यायचे, ठणठणीत असेल तर शून्य, आजारी असेल तर एक, मेलं तर दोन, आणि सरासरी काढायची. पद्धत क्रूर आहे, यात वाद नाही. मूळ लासोटाला शून्य मिळाले. सहा अक्षरं बदललेल्याला १.२८. म्हणजे नुसत्या त्या तुकड्याने बिनविषारी विषाणू विषारी झाला. पण दोनपैकी दोन मिळाले नाहीत! अगदी जहाल जंगली विषाणू दोनच्या जवळ जातात. उरलेलं अंतर बाकीच्या जनुकांमुळे पडतं: पेशीला पकडणारं एचएन, आणि कॉपी काढणारं यंत्र म्हणजे एल. आर-टू-बीत पॅटर्न आहे पण बाकीचा कोड जहाल नाही, म्हणून ती मधल्या पायरीवर थांबते. मजबूत, टिकाऊ प्रतिकारशक्ती देते, पण पूर्ण निरुपद्रवी नाही.

आता मेसेजकडे परत या. लहान पिल्लांना, ज्यांना आधी लासोटा मिळालेली नाही, थेट आर-टू-बी टोचली तर काही पिल्लं लुळी पडू शकतात, मरू शकतात. अंड्यावरच्या कोंबड्यांची अंडी काही दिवस घटतात. हे खरं आहे आणि दवाखान्यातले डॉक्टरही तेच सांगतात. म्हणूनच क्रम ठरलेला आहे: पाच ते सात दिवसांच्या पिल्लाला लासोटाचा थेंब, साधारण चार आठवड्यांनी पुन्हा लासोटा, आणि सात-आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी. आधी सौम्य विषाणूने शरीराला चेहरा ओळखायला शिकवायचं, मग कडक आणायचा. (चार आठवड्यांनी पुन्हा का? कारण अंड्यातून आईची काही प्रतिकारशक्ती पिल्लात आलेली असते आणि ती पहिल्या डोसला थोडी दाबते.)

गावात होतं काय? लस घेऊन माणूस येतो तो वर्षातून एकदा. खुराड्यात कोंबडी, तलंग, पिल्लं सगळी एकत्र. "आलेच आहात तर सगळ्यांना टोचून टाका." मग दोन पिल्लं मरतात आणि मेसेज तयार होतो.

दुसरी वाट याहून नेहमीची. शेजारच्या गल्लीत मर सुरू झाली की लोक दवाखान्याकडे धावतात. तोपर्यंत आपल्या कोंबड्यांत विषाणू शिरलेला असतो, फक्त दिसत नाही. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण पाच-सहा दिवस लागतात, कधी दोन, कधी पंधरा. लशीला काम करायलाही दिवस लागतात. सोमवारी टोचलं, गुरुवारी मेल्या. वर तीच सुई एका कोंबडीतून काढून दुसरीत घातली असेल तर आपणच विषाणू हाताने वाटला. तिसरी वाट म्हणजे लस मोटारसायकलच्या डिक्कीत उन्हात आली. जिवंत विषाणूची लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. मे महिन्यात खामगाव-नांदुऱ्याचा पारा माहीत आहे ना? ती लस बाटलीतच मरते, मग कोंबडीला टोचली काय आणि न टोचली काय. तसंच पाण्यातून लस द्यायची असेल आणि पाणी ग्रामपंचायतीच्या टाकीचं, टीसीएल टाकलेलं असेल, तरी तेच होतं. क्लोरीनला लसीचा विषाणू आणि रोगाचा विषाणू यातला फरक कळत नाही.

तिन्ही वाटांवर शेवटी दिसतं ते एकच: टोचलं आणि मेल्या. डोळ्यांना दिसलेलं खोटं नसतं. त्यामागचं कारण मात्र तीन वेगवेगळ्या जागी असतं, आणि "लसच नको" हे त्यातल्या एकावरही उत्तर नाही.

एक शंका हुशार लोक नेहमी काढतात. लशीचे विषाणू सत्तर-ऐंशी वर्षं जुने, बाहेर फिरणारे जंगली प्रकार नवे (भारतात आता सात आणि तेरा या जनुकीय गटांचे प्रकार सापडतात, लासोटा दोन नंबरच्या गटात येते), मग जुनं व्हर्जन कसं चालेल? चालतं, कारण गट वेगळे असले तरी शरीराच्या दृष्टीने हा सगळा एकच सिरोटाइप आहे. लस घेतलेली कोंबडी सहसा मरत नाही. पण तिला लागण होऊन ती थोडाफार विषाणू बाहेर टाकू शकते, हेही खरं. त्यामुळे माझ्या कोंबड्यांना लस आहे म्हणून बाजारातून आणलेला नवा कोंबडा थेट खुराड्यात सोडायचा, असं नाही चालत. त्याला दोन आठवडे वेगळा डांबा.

बर्ड फ्लूशी नातं

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला पोल्ट्रीतल्या कोंबड्या मरायला लागल्या तेव्हा सुरुवातीला ती राणीखेतच असल्याचं बोललं गेलं. लक्षणं तेवढी सारखी असतात. १८ फेब्रुवारीला भोपाळच्या प्रयोगशाळेचा निकाल जाहीर झाला: एच५एन१, भारतातला पहिला बर्ड फ्लू. पुढच्या महिन्यात तो जळगाव जिल्ह्यात आला, म्हणजे आमच्या मलकापूरच्या अगदी शेजारी. घाटाखालच्या तालुक्यांत तेव्हा चिकनच्या दुकानांवर कशी माशा मारायची वेळ आली होती, हे अजूनही लोक सांगतात.

बर्ड फ्लूचा विषाणू पूर्ण वेगळ्या घराण्यातला, त्याचा कोड आठ तुकड्यांत असतो. पण घातक होण्याची युक्ती तीच. त्याच्या एचए नावाच्या प्रथिनातही कापण्याची एक जागा आहे, आणि तिथे आर आणि केची रांग लागली की फ्युरिन ती कापते. दोन विषाणूंनी वेगवेगळ्या वाटांनी जाऊन एकच कुलूप उघडायची तीच चावी बनवली. म्हणूनच नुसतं बघून दोघांतला फरक सांगता येत नाही, नमुना तपासावाच लागतो. फरक कळणं का महत्त्वाचं? मानमोडीने माणसाला फार तर डोळे येतात, तेही आजारी कोंबड्या किंवा लस हाताळणाऱ्यांना. एच५एन१ माणसाचा जीव घेऊ शकतो. नीट शिजवलेली अंडी-चिकन दोन्ही बाबतीत खायला सुरक्षित आहेत. पण एकाएकी खूप कोंबड्या मेल्या तर त्या उघड्या हातांनी सोलायच्या नाहीत, नाल्यात फेकायच्या नाहीत आणि उरलेल्या घाईघाईत आठवडी बाजारात न्यायच्या नाहीत. रोग गावोगाव पोचवण्यात वाऱ्यापेक्षा त्या मोटारसायकलला उलट्या टांगलेल्या कोंबड्यांचा हात मोठा असतो. मेलेल्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा आणि १९६२ या टोल फ्री नंबरवर किंवा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

शंभर डोसची बाटली

एवढं सगळं कळूनही मावशीची अडचण सुटत नव्हती, आणि ती जनुकांची नव्हतीच. लशीची बाटली शंभर किंवा दोनशे डोसची येते. तिच्याकडे कोंबड्या बावीस. बाटलीतली कोरडी वडी थंड सलाईनमध्ये विरघळवली की तासा-दोन तासांत वापरावी लागते, उरलेली उद्यासाठी ठेवता येत नाही. बावीस कोंबड्यांसाठी कोण बाटली फोडणार? दवाखान्यातल्या माणसाचंही बरोबर, आणि मावशीचंही.

यावर जो फोन अफवा पसरवतो तोच कामाला येतो. गेल्या हिवाळ्यात मावसभावाने गल्लीतल्या अकरा घरांचा वेगळा ग्रुप काढला. प्रत्येकाने फक्त तीन आकडे टाकायचे: सात-आठ आठवड्यांवरच्या मोठ्या किती, त्याहून लहान किती, आणि या आठवड्यात फुटणारी पिल्लं किती. मोठ्या एकशे चाळीस भरल्या. हे आकडे घेऊन तो दवाखान्यात गेला तेव्हा दोन बाटल्या आर-टू-बी आणि एक लासोटा एवढा हिशोब जागेवर झाला. महाराष्ट्रात या लशी पुण्याच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेतही बनतात, तिथून त्या दवाखान्यांपर्यंत येतात, त्यामुळे आधी मागणी कळवलेली बरी पडते. बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये बाटल्या आल्या. टोचायची वेळ ठेवली पहाटेची, कारण दिवस उजाडून कोंबड्या एकदा उकिरड्यावर पांगल्या की मग कुणालाही सापडत नाहीत. आधीच सुस्त दिसणाऱ्या तीन कोंबड्या बाजूला काढल्या, त्यांना टोचलं नाही. सुया सलाईनसोबत जास्तीच्या आणल्या होत्या, घर बदललं की सुई बदलायची.

लहान पिल्लांना त्या दिवशी फक्त थेंब दिले. त्यांची आर-टू-बीची तारीख भावाने ग्रुपच्या माहितीच्या रकान्यात टाकून ठेवली आहे, शेजारी कोणाकडे किती पिल्लं ते लिहून. चिखली तालुक्यातल्या त्याच्या सासुरवाडीने तोच तक्ता आता मागवून घेतलाय.